अर्नाळ्याचं स्केचिंग

कमर्शियल आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला ढीगभर स्केचेस करून दाखवावी लागत. स्टेशन, बाजार, बसस्टॉप, जिथे माणूस दिसेल तिथे पॅड काढायचं. मी अर्नाळ्याजवळच्या वटार गावची. आमच्या वाडीत केळी भरपूर आणि माणसं मोजकी, त्यातही मी पेन्सिल हातात घेतली की प्रत्येकाला मला सांगायचं काहीतरी काम आठवे. म्हणून मी सायकल काढून अर्नाळ्याला जाऊ लागले. तिथे किनाऱ्यावर कोळणी बोंबील सुकत घालायच्या, मासळी निवडायच्या, मधूनमधून भांडायच्या. मला वाटलं, घबाडच हाती लागलं.

पहिल्याच दिवशी एका मावशींनी मला पाहिलं. हातातले बोंबील टाकून त्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"माझं चित्र काढतेस? नि ह्या असल्या लुगड्यात? कोनी बघितलं तर काय म्हनेल? थांब गो, आलेच मी."

त्या परत आल्या त्या ठेवणीतलं लुगडं नेसून, गळ्यात सोनं आणि अंबाड्यात अबोली घालून. त्यांचं पाहून शेजारणीही नटून आल्या. सगळ्या वाळूत ओळीने बसल्या, हात मांडीवर, श्वास रोखलेला. "मावशी, काम करा ना," म्हटलं तर म्हणाल्या, "सोनं घालून मासली सुकवू? येडी का काय तू!"

त्यांना नाही कसं म्हणणार? चहा त्यांच्याकडे, तळलेली मांदेली त्यांच्याकडे. मी दर रविवारी मुकाट्याने नटलेल्या बायका काढत राहिले.

सरांनी माझा गठ्ठा चाळला आणि चष्मा काढला. "हा काय लग्नाचा अल्बम आहे? मी कामातली माणसं सांगितली होती. सोमवारी ती आण, नाहीतर टर्म ग्रँट होणार नाही."

टर्म ग्रँट नाही म्हणजे परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. बाबांनी तर प्रवेश घेतानाच बजावलं होतं, "एक वर्ष फुकट गेलं तर गाशा गुंडाळायचा आणि कॉमर्सला जायचं." बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी घाबरले. राग तर माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असे. आधी सरांचा आला, मग कोळणींचा, शेवटी त्या मांदेलींचासुद्धा.

रविवारी तोंड फुगवून गेले. मावशींनी कारण विचारलं, मी सगळं सांगून टाकलं. बायकांनी आपसात खल केला आणि निष्कर्ष काढला की सरांना सोनं कमी पडलं असणार. "आज चपलाहार घालते, मग बघू कसा नाय पास करत!" म्हणत मावशी घराकडे सुटल्यासुद्धा. थोड्या वेळाने माझ्यासमोर आजवरची सर्वांत झगझगीत ओळ बसली होती. मला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, होडी आली! ती संध्याकाळी यायची होती. झालं, सगळी ओळ एकदम उठली. भरजरी लुगड्यांचे काष्टे खोचले गेले, टोपल्या डोक्यावर चढल्या आणि बायका गुडघाभर पाण्यात शिरल्या. मावशींनी लोंबणारा चपलाहार दातांत धरला होता. मी काठाने धावत काढत सुटले. नाकडोळे काढायला फुरसतच नव्हती. वाकलेली पाठ, कलती टोपली, चिखलात रुतलेला पाय, एवढ्यावर पान संपायचं आणि मी पुढचं उलटायची.

मासळी काठावर आली तशा त्या माझ्याभोवती जमल्या. लुगड्यांना खवले चिकटलेले. सगळ्या पॅडवर वाकल्या.

"तोंडं कुठं हायत?" एकीने विचारलं.

मावशी ओल्या बोटांनी पानं उलटत राहिल्या आणि एका पानावर थांबल्या. त्यावर नुसती वाकलेली पाठ होती आणि कमरेवर टेकलेला एक हात.

"ही मी."

"कशावरून गो?" शेजारीण म्हणाली, आणि वाकून पाहून स्वतःच बोलली, "हां, तूच. धाकट्याच्या येली कंबर गेली ना तुझी, तवापासून अशीच उभी र्‍हातेस."

मग एकच झुंबड उडाली. जी ती आपली पाठ, आपले पाय शोधू लागली. "हे मला दे," मावशी म्हणाल्या. ते माझं सर्वांत चांगलं पान होतं, सोमवारी सगळ्यात वर ठेवावं असं. मी ते फाडून दिलं.

उरलेली पानं सरांनी हुंगली, "वास मारतायत," म्हणाले आणि सही केली. टर्म ग्रँट झाल्याचं बाबांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. मला चित्र काढता येतं, हे मात्र मला आदल्या दिवशीच कळलं होतं, मावशी "ही मी" म्हणाल्या तेव्हा.