मेष राशीच्या पाठीवरची गोष्ट

मे महिन्याच्या सुट्टीत माझी मुलगी अंजूरला ताईकडे पंधरा दिवस राहून आली आणि तेव्हापासून घरात एकच भुणभुण सुरू झाली: मावशी अशी सांगते, मावशी तशी सांगते. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. दहावीनंतर लग्न होऊन ती जवळच्याच अंजूर गावी गेली. मी भिवंडीतच राहिले, शिकले, शाळेत मराठी शिकवायला लागले. माझ्या दोन कथाही छापून आल्या होत्या. घरात लिहिणारी मी. आणि माझ्याच पोरीला गोष्ट हवी ती मावशीची.

एका रात्री तिने मागितली ती रॉकेटवाल्या माणसाची. एक माणूस एकटाच रॉकेटमधून लांब निघालेला असतो. रोज रेडिओवर त्याच्या बायकोचा आवाज येतो. पुढे त्याला कळतं की बायको कधीच गेली, बोलतंय ते मशीन. तरी तो रोज विचारत राहतो, "जेवलीस का?" आणि एक दिवस मशीनच आधी विचारतं, "तू जेवलास?"

मी सांगितली. कार्टी म्हणाली, "मावशीसारखी नाही येत तुला. तिची गोष्ट आहे ना ती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "मावशीची कसली? दिवाळी अंकात छापलेली गोष्ट आहे ती. आम्ही दोघींनी लहानपणी वाचलीय."

"मग दाखव."

झालं. माझ्या डोक्यात भूत शिरलं. कथेचं नाव आठवेना, लेखक आठवेना, अंकाचं नावही नाही. आठवत होतं फक्त मुखपृष्ठ: निळी साडी नेसलेली बाई, हातात निरांजन. अशा बायका प्रत्येक अंकावर असतात. शाळेतल्या सगळ्या मराठीच्या बाईंना विचारलं. रद्दीच्या दुकानांतून धूळ खाल्ली. सायबर कॅफेत बसून इंग्रजी अक्षरांत "rocket radio bayko" असं टाइप केलं, तर रेडिओ विकणाऱ्यांची यादी आली. नवरा म्हणाला, "एका गोष्टीसाठी एवढं?" गोष्टीसाठी नव्हतंच ते. ताई सांगते ते तिचं नाही, उसनं आहे, हे मला माझ्या पोरीला छापील दाखवायचं होतं.

शेवटी आठवली ती आमची लहानपणची लायब्ररी. तिथे आता मोबाइल रिचार्जचं दुकान झालं होतं आणि गल्ल्यावर लायब्ररीवाल्या काकांचा मुलगा. काका गेले होते, पण जुने अंक माळ्यावर तसेच होते. शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटाने शिडी हातात थरथरत होती. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी निळ्या साडीवाली सापडली. मी माळ्यावरच बसून वाचायला घेतलं. रॉकेट होतं, रेडिओ होता, माणूस होता. मशीन आहे हे त्याला कळलं, तो उठून रेडिओपाशी गेला आणि तिथे पान संपलं. पुढचं पान नव्हतं. फाडलेलं होतं, मुळाशी दातेरी कड राहिली होती.

कारण मला लगेच कळलं. आमच्याकडे दिवाळी अंक मागून उघडतात. आधी वर्षाचं राशिभविष्य, मग बाकी सगळं. आणि आपली रास चांगली निघाली की ते पान हळूच फाडून देवाच्या फोटोमागे ठेवलं जायचं. त्या अंकात भविष्य याच कथेला चिकटून सुरू झालेलं. फाटक्या कडेपुढे थेट वृषभ होती, म्हणजे कथेच्या शेवटाच्या पाठीवर मेष.

पण काका पक्के. अंक परत आला की पान न् पान मोजायचे आणि कमी निघालं तर पहिल्या पानावर लाल पेन्सिलीने लिहून ठेवायचे, पुढच्याच्या माथी खापर नको म्हणून. मी पहिलं पान उघडलं. "सभासद ४१ कडून परत. पान १८९ नाही." त्याच्या खाली पुढचा सभासद, ६७.

६७ म्हणजे आमचं घर.

म्हणजे आम्ही अंक आणला तेव्हाच पान गेलेलं होतं. मी शेवट वाचला नव्हता. आणि ताईनेही नाही.

काकांच्या मुलाकडून अंक मागून घेतला आणि पोरीला घेऊन तशीच रिक्षाने अंजूर गाठलं. ताई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मी लाल पेन्सिलीची ओळ तिच्यापुढे धरली. तिने पिठाच्या हातांनी अंक लांबूनच पाहिला आणि हसली.

"अगो, तू किती रडलीस तवा! जेवत पन नव्हतीस. मंग मी सांगितलं, पान फाटायच्या आदी मी लायब्ररीतच वाचलंय."

"आणि तो शेवट?"

"सुचला. तू जेवत नव्हतीस ना, म्हनून जेवायचाच सुचला."

पंचवीस वर्षं मी तो शेवट कोणा मोठ्या लेखकाचा म्हणून जपला होता. माझ्या दोन्ही कथा लिहिताना तसं काहीतरी जमावं म्हणून कागद फाडले होते. खरं तर तिला मिठी मारायला हवी होती. मला आला तो राग. हिने वही विकत घेतली नाही, संपादकाला पत्र लिहिलं नाही, आणि हिला सुचतं.

पोरगी ताईला चिकटून बसली. "मावशी, शेवट परत सांग."

ताईने भाकरी तव्यावर टाकली. "तो मानूस म्हातारा होऊन मरून जातो. मशीनला काय म्हाईत? ते रोज इचारतं, जेवलास का? उत्तर न्हाय. लय दिस इचारतं. आनि मंग एक दिस ते मशीनच त्याच्या आवाजात बोलतं, जेवलो."

मी म्हटलं, "हा शेवट वेगळा आहे. आधी असा नव्हता."

"हो का?" ताईने भाकरी उलटली. "आता हाच बरा वाटला."

बराच बरा होता.