अर्ध्यावर राहिलेलं वाचन

माझी थोरली जाऊ कपडे शिवते आणि रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचते. आवाज असा, की माईक नुसता शोभेला. नवऱ्यामागे तिनं त्या शिलाई मशीनवर एकुलता एक मुलगा वाढवला. गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. लग्नाच्या वयाचा पोरगा!

त्याच्या अंत्यविधीच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, वाचन मीच करणार, म्हणून ती हटून बसली. फादर नको म्हणत होते, पण तिच्यापुढे कुणाची डाळ शिजते? वाचन बायबलमधल्या विलापगीताचं होतं. सगळं गमावलेला, सुख म्हणजे काय तेही विसरलेला एक माणूस. तिथपर्यंत तिनं वाचलं आणि पुस्तक मिटलं. पुढच्या आशेच्या ओळी तिनं सरळ सोडून दिल्या.

"हा प्रभूचा शब्द आहे," ती म्हणाली.

प्रत्येक वाचनानंतर द्यायचं ठरलेलं उत्तर आम्ही सगळ्यांनी सवयीनं दिलं, "देवाला धन्यवाद."

"माझा लेक गेला आणि धन्यवाद कसले देता?" ती ओरडली आणि तडक बाहेर निघून गेली. त्यानंतर ती चर्चची पायरी चढली नाही.

मी तिच्या दुकानात जाऊन बसायची. एकदा तिनं मला पडद्याची कड शिवायला दिली. मी गप्पांच्या नादात काम खाली ठेवलं, तशी ती डाफरली, "अगं, गाठ न मारता सोडलंस तर सगळं उसवेल ना!"

मीही काही कमी नाही. म्हटलं, "आणि जाऊबाई, तुम्ही वाचन अर्ध्यावर सोडलंत, त्याचं काय?"

मशीन थांबलं. बोलून गेले आणि जीभ चावली. पण तिनं कापडांच्या गठ्ठ्यामागून बायबल काढलं आणि राहिलेलं मनातल्या मनात वाचलं.

"रडून झाल्यावर नाही गं म्हणत हा माणूस, की देव दयाळू आहे," ती म्हणाली. "रडता रडताच म्हणतोय. दया रोज सकाळी नवी असते म्हणे. मला तर सकाळच नकोशी होते." आणि ती हमसून रडायला लागली. मग मलाही राहवलं नाही.

लेकाला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशीच्या मिस्सेला तिनं तेच वाचन मागून घेतलं. मधे मधे आवाज फाटला, पण ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली.

"हा प्रभूचा शब्द आहे."

धन्यवाद म्हणायची कुणाची छाती होईना. माझीही नाही. फादर आपल्या बुटांकडे बघत बसले.

तिनं चष्म्यावरून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. मग स्वतःच म्हणाली, "देवाला धन्यवाद."