लॅबमधला नकार

काल लेकीच्या घरी ओल्या रंगाचा वास आला आणि ऐंशीच्या दशकातली, अमेरिकेतल्या एडिसन गावाजवळची रंगाच्या कारखान्याची लॅब आठवली. मी तिथे नुकतीच सुपरवायझर झाले होते. हाताखालचा एक जुना अमेरिकन टेक्निशियन मी दिलेल्या टेस्ट सरळ बाजूला ठेवायचा. एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "हे मी करणार नाही." बॉसने मला लेखी तक्रार द्यायला सांगितलं. त्याआधी मी त्या टेक्निशियनला स्टोअररूममध्ये गाठलं आणि विचारलं, "माझं काय चुकतंय?" डबे लावता लावता तो म्हणाला, "दोन पावलांवर बसतेस आणि मला चिठ्ठ्या पाठवतेस. माझ्याशी बोलायला कमीपणा वाटतो?" मी खरं ते सांगितलं. माझ्या उच्चारांना लोक हसायचे, म्हणून मी लिहून द्यायचे. त्याने हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "बोलत जा. नाही कळलं तर मी पुन्हा विचारीन." दुसऱ्या दिवशी त्याने तीनदा विचारलं, मी तीनदा सांगितलं आणि तो कामाला लागला. तक्रार देत नाही, असं बॉसला सांगायला गेले तेव्हा मात्र माझा आवाज कापत होता. आज वाटतं, मला नाही म्हणताना त्याचंही आतून असंच झालं असेल.