बेंबीची पाळी

गगनबावड्याच्या वाऱ्यात छत्रीसकट उडाले आणि थेट आजऱ्याला माहेरच्या अंगणात उतरले, असं मी सांगायची आणि आमची सगळी गल्ली पोट धरून हसायची. म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मी जेव्हा म्हणाले, "माझ्या बेंबीतनं रक्त येतंय," तेव्हा आमच्या मालकांनी चहाची बशी खाली ठेवून आधी हसून घेतलं.

वर्षापूर्वी अंडाशयातली गाठ दुर्बिणीनं काढली होती. बेंबीत एवढंसं भोक. तिथंच करवंदासारखी काळीनिळी गाठ उगवली. पाळी आली की ती टरारून फुगायची, आत कुणी तापली सळई फिरवल्यागत कळा यायच्या आणि रक्त झिरपायचं. पाळी सरली की गाठ बसायची आणि मी खोटी ठरायची.

"बेंबी सरकलीया," आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, निदान केलं. पाळी सरून माझं न्हाणं झाल्यावर बेंबीवर पेटता दिवा ठेवून वर तांब्या पालथा घातला. तो असा चिकटला की काढायला तालमीतले चार पैलवान बोलवावे लागतील असं वाटलं. पुढच्या पाळीला दुखणं मात्र जागच्या जागी.

डॉक्टरला तरी काय दिसणार? आमच्यात पाळीत बाजूला बसलेल्या बाईनं उंबरा ओलांडायचा नाही. न्हाऊन दवाखान्यात जावं, तर बेंबी कोरडी ठणठणीत.

"काही दिसत नाही. मनाला लावून घेऊ नका."

एकदा कोपऱ्यात बसल्या जागी माझ्या पातळावर, ऐन बेंबीवर, लाल डाग पसरत गेला. आत्याबाई लांबूनच बघत राहिल्या.

"खरंच की गं!" म्हणाल्या, आणि शिवाशिव विसरून मला धरूनच रिक्षात बसवलं.

डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली. मग म्हणाले, "गर्भाशयाच्या अस्तरासारखं काहीतरी ऑपरेशनच्या वेळी जखमेत रुजलंय. पाळीबरोबर तेही स्रवतं. कापून काढावं लागेल."

"मग पुन्यांदा न्हाय ना येणार?" आत्याबाईंनी विचारलं.

"तशी खात्री देता येत नाही."

"म्हंजे आता हिला बाजूला बसवायची, का बेंबीला?"

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. एका भोकानं हे दिलं होतं. आता त्यावर दुसरी जखम, आणि तिच्यात काय रुजेल कुणी सांगावं?

परतताना रिक्षात आत्याबाईंनी माझा हात सोडला नव्हता. "बोल की कायतरी. ते छत्रीचं सांग."

"वारा लई सुटला हुता..." मी सुरू केलं. पण छत्री काही केल्या जमिनीवरनं उठेना.