पाचाच्या बटणाखालची अक्षता

सीएच्या फायनलला बसणाऱ्या माणसाकडे त्याचा कॅल्क्युलेटर कधी मागू नये. पेन मागा, डबा मागा, हवं तर गाडीची किल्ली मागा. मी माझ्या नवऱ्यालासुद्धा त्याला बोट लावू देत नव्हते. दिसायला अगदीच साधा. वाण्याच्या गल्ल्यावर असतो तसा, मोठ्या बटणांचा. इंजिनिअर लोकांचा तो भारी कॅल्क्युलेटर आमच्या परीक्षेत चालतच नाही. पण वर्षानुवर्षं सराव करून असं होतं की उजवा हात लिहीत राहतो आणि डावा हात न बघता बटणं दाबत राहतो. मधे मान वळवून बघावं लागलं की वेळ गेलाच समजा. म्हणून तो हाताच्या सवयीचा, स्वतःचाच लागतो.

तो माझा शेवटचा प्रयत्न होता. तसं मी ठरवलं होतं आणि नवऱ्याला सांगूनही टाकलं होतं. किती वेळा नापास व्हायचं माणसाने? पेपरांच्या दोन ग्रुपांपैकी दुसरा कधीच सुटला होता, पहिला काही केल्या सुटत नव्हता. आणि त्यात फायनान्सचा पेपर म्हणजे माझा सात जन्मांचा वैरी. या खेपेला नाही झालं तर पुस्तकं रद्दीत आणि मी कुठल्यातरी ऑफिसात अकाउंटंट. मला त्याचं दुःख होतं असंही नाही. नुसता वीट आला होता.

माझ्या सासूबाईंना मात्र वीट येत नव्हता. त्या नवी मुंबईतल्या करावे ह्या खाडीकाठच्या गावच्या, तिथेच जन्मल्या आणि तिथेच नांदल्या. माझं माहेर साताऱ्याकडचं. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही शेजारच्याच सीवूड्सच्या फ्लॅटात वाढलो. लग्न झालं तेव्हा मी शिकतच होते, आणि सासूबाईंनी हळदीच्या दिवसापासून अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं, "आमची सून सीए होनार हाय." होनार हाय, होनार हाय करता करता लोक विचारायचे बंद झाले, तरी ह्या सांगायच्या बंद होईनात. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गेल्या वर्षी आमची परीक्षा नेमकी गणपतीत आली. घरात पाहुणे, आरत्या, मोदकांचा घाट, आणि मी आतल्या खोलीत कानात कापूस घालून बसलेली. फायनान्सच्या पेपरच्या दिवशी सकाळी आंघोळ करून येते तर टेबलावर कॅल्क्युलेटर नाही! दोन होते, एक रोजचा आणि एक जादाचा. दोन्ही गायब. बाहेर येऊन बघते तर दोन्ही बाप्पासमोर पाटावर मांडलेले, वर दूर्वा, हळद-कुंकू, अक्षता. सासूबाई हात जोडून, डोळे मिटून उभ्या.

"अहो आई, हे काय!"

"तुजं हत्यार हाय ना ते? मंग? हत्याराला पूजा नको?"

वाद घालायला वेळ कुठे होता? रोजचा उचलला, ओढणीने पुसला, पर्समध्ये टाकला, पाया पडले आणि पळाले. दुसरा पाटावरच राहिला. हे रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, पण म्हटलं, जाऊ दे, एक आहे ना.

परीक्षा वाशीच्या एका शाळेत. बाक लहान मुलांचे, गुडघे वर येतात. पेपर मिळाला, वाचला, आणि काय सांगू, पहिला प्रश्न ओळखीचा निघाला. एक कंपनी नवीन मशीन घेतेय, घ्यावं की नाही ते सांगा. मी खूश. डावा हात चालू, उजवा हात चालू, उत्तर आलं: कंपनी बुडाली. बुडाली म्हणजे अशी बुडाली की मशीन घेणाऱ्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकावं. असा प्रश्न कोणी काढत नाही. म्हणजे चूक माझीच. पुन्हा केलं. पुन्हा बुडाली, पण वेगळ्या आकड्याने.

तेव्हा कुठे मी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. दीड लाख टाइप केले, तर पडद्यावर दहा हजार. पाचाचं बटण दबतच नव्हतं. बोटाला दबल्यासारखं वाटे, पण जेमतेम.

शेजारच्याकडून मागायचा प्रश्नच नाही, तिथे कॅल्क्युलेटरची देवघेव चालत नाही, आणि तो बिचारा देणार तरी कसा? वाटलं, उठावं, पेपर द्यावा, घरी जावं. संपला एकदाचा त्रास. मग माझाच मला राग आला. मरू दे तो पाच! पाच म्हणजे काय, चार अधिक एक. पन्नास लाख म्हणजे एक कोटी भागिले दोन. एक पूर्णांक पंधरा हवेत? एक पूर्णांक चौदात एक पैसा टाका. असं करत करत मी तो अख्खा प्रश्न पाचाशिवाय सोडवला. कंपनी तरली! मशीन घ्यायला हरकत नव्हती. पण मग घड्याळ बघितलं. या चालीने अर्धा पेपर कोरा राहणार होता.

कॅल्क्युलेटर डोळ्यांजवळ धरून बटणाच्या कडेने बघितलं. फटीत काहीतरी लाल. ओढणीची पिन काढली आणि टोचायला लागले. ओढणी गेली घरंगळत खाली, सुपरवायझर बाई आल्या तरातरा.

"काय चाललंय?"

तेवढ्यात तो कण उडून उत्तरपत्रिकेवर पडला. कुंकवात माखलेला अर्धा तांदूळ.

"अक्षता आहे, मॅडम," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बाईंनी तांदळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "गणपती बसलाय वाटतं घरी," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून हसल्या. मी पाच दाबला. आला! पुन्हा दाबला, पंचावन्न. कोणत्याही देवाच्या दर्शनाने मला इतकं बरं वाटलं नसेल, खोटं कशाला बोलू. पुढे मी अशी सुटले की विचारू नका. तरी शेवटचा एक प्रश्न राहिलाच.

घरी आले ती तणतणतच. चपला एकीकडे, पर्स एकीकडे. बाप्पासमोर, दोन आत्यासासूबाईंसमोर मी सगळं ओकले. तुमची पूजा, तुमचे तांदूळ, माझा पाच, माझा राहिलेला प्रश्न. लोक म्हणतील मोठ्या माणसांशी असं बोलतात का. मला तेव्हा चुकलंसं वाटलं नाही आणि आजही फारसं वाटत नाही. मी रडकुंडीला आले होते.

सासूबाई उठल्या. पाटावरचा दुसरा कॅल्क्युलेटर उचलला, पदराने पुसपुस पुसला आणि माझ्या हातात दिला. आणि मग बाप्पाकडे वळून, आम्हा सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "ही पास व्हईल तवाच मी म्हावरं खाईन."

म्हावरं म्हणजे मासळी. करावेच्या माणसाने मासळी सोडणं म्हणजे काय, हे मी तोवर पुरेसं पाहिलेलं होतं. पालेभाजीकडे त्या औषधासारख्या बघतात.

"आणि नाहीच झाले पास तर?" मी विचारलं.

"मंग नको मना म्हावरं."

"अहो, मी पुन्हा बसणारच नाही परीक्षेला!"

"ते तू आनि तुजा गनपती बगा."

घ्या! म्हणजे आता नापास व्हायचीही सोय राहिली नाही. गणपती गेले, पितृपक्ष गेला, नवरात्र गेलं. तोवर ठीक होतं, तेव्हा घरात कुणीच खात नाही. पण दसरा उलटला, दिवाळी आली, भाऊबीजेला त्यांच्या भावाकडे कोळंबीचं कालवण आणि ह्या वरणभात चिवडत बसलेल्या. भावाने विचारलं तर म्हणाल्या, "प्वाट बरं नाय." मी समोरच बसलेले. मीही कोळंबीची वाटी बाजूला सारली. नवरा म्हणाला, तू समजाव. मी समजावलं, रागावले, हातसुद्धा जोडले. त्या ढिम्म. उलट माझ्या टेबलाजवळून जातानाही त्या हात मागे बांधून जायच्या. मी देवाला इतकंच म्हणत होते की बाबा, मला सीए नको करूस हवं तर, पण या बाईला जेवू दे.

रिझल्टच्या दिवशी साइट उघडेना. नवरा त्याच्या फोनवर, मी माझ्या, सासूबाई उंबऱ्यात. शेवटी माझ्याच फोनवर उघडली. पास. मी पुन्हा वाचलं. पास.

मी ओरडले असणार, कारण वरच्या मजल्यावरची भाडेकरू धावत आली. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"त्या पेपराला किती?" त्यांनी विचारलं.

मी मार्क सांगितले. चांगले होते.

"माज्या तांदलाचं नाय ना कापलं त्येंनी?"

"नाही हो आई. एकही नाही."

तेव्हा त्या मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मीही त्यांच्याजवळ बसले आणि पोटभर रडून घेतलं. कितीतरी वर्षांचं ओझं होतं, कुणीतरी वरच्यावर उचलून नेल्यासारखं झालं. सीए झाल्याचा आनंद नंतर आला. आधी नुसतं सुटल्यासारखं वाटलं.

दुपारी त्या कोळंबी भात जेवल्या. मान वर केली नाही, ताट पुसून उठल्या. मग नवी साडी नेसल्या, पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला आणि मला घेऊन गावात निघाल्या. पहिल्याच दारात म्हणाल्या, "आमची सून सीए झायली. मीच तिजं मशीन बिगरवलं व्हतं, तरी झायली." पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढच्या दारात तर अक्षतांपासून सगळं, हाताने दाखवून. बाया हसून बेजार. मला लाज वाटायला लागली, मी त्यांचा हात ओढला, म्हटलं, आई, पुरे, नुसतं पास झाली म्हणा.

"सांगू दे गो," त्या म्हणाल्या. "इतके दीस एकलीनंच पोटान ठेवलंय."