साडेतीनच्या आधी वाजलेला भोंगा

प्रथम तारखा. शनिवार, दुपारी साडेतीनला चार मिनिटे कमी असताना भोंगा वाजला. त्याच शनिवारी संध्याकाळी मी पाहुण्या संघाच्या व्यवस्थापकांना खरी हकिगत सांगितली. सोमवारी दुपारी कामगार अधिकाऱ्यांनी मला आपल्या दालनात बोलावले. वर्ष मी मुद्दाम लिहीत नाही. सत्तरचे दशक संपत आले होते, एवढे पुरे. वर्ष लिहिले तर कंपनी ओळखू येईल, आणि माझी तक्रार कंपनीविरुद्ध नाही, माणसांविरुद्ध आहे.

आता माणसे. मी तिघांना जबाबदार धरतो. एक, आमच्या कारखान्याचे त्या वेळचे कामगार अधिकारी, जे सामन्याच्या संयोजन समितीचे चिटणीसही होते. दोन, सामन्याचे सरपंच, म्हणजे मुख्य पंच. तीन, समितीचे अध्यक्ष, ज्यांनी पुढे एका उत्तरावर डोळे मिटून सही केली. बॉयलर हाउसमध्ये ज्याने भोंग्याची साखळी ओढली त्याला मी या यादीत घेत नाही. कारण ओघात येईल.

मी पिंपरीत आलो तो १९६२ चा हिवाळा. सरहद्दीवर युद्ध चालू होते. कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी नवा कारकून. कामगारांनी संरक्षण निधीला पगार दिले, आणि काळेवाडीतल्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीतल्या बाईंनी कानातली फुले काढून माझ्या हातात ठेवली. "भाऊ, एवढी पोचती करा," म्हणाल्या. त्या वयात देश मला माझ्या अंगाचाच भाग वाटे. रेडिओवर हॉकीचे समालोचन लागले की मी उभा राहून ऐकत असे. परदेशी पंचाने आपल्या खेळाडूंवर अन्याय केला असे कानावर आले की मला जेवण जात नसे. मग मी संपादकांना पत्रे लिही. नियम, त्याचे कलम, पंचाचा भंग, आणि शेवटी मागणी. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन मी कायद्याची पदवी घेतली होती. वकिली केली नाही, पण कचेरीत सगळे मला 'वकीलसाहेब' म्हणत, आणि त्यात आदर किती व थट्टा किती हे मी कधी विचारले नाही.

आमच्या भोंग्याविषयी सांगितले पाहिजे. घड्याळ प्रत्येकाकडे नव्हते आणि ज्यांच्याकडे होते त्यांचाही त्यावर विश्वास नव्हता. विश्वास भोंग्यावर. त्यावर शिफ्ट बदलत, शाळेतले शिपाई घंटा देत, नदीपलीकडच्या शेतातली माणसे भाकरी सोडत. बॉयलर हाउसमधले घड्याळ रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यांशी जुळवणे हे टाइम ऑफिसचे काम, आणि पुष्कळ वर्षे ते मी स्वतः केले.

यातूनच एक रिवाज पडला होता. कारखान्याच्या भिंतीला लागून कबड्डीचे मैदान होते. अंतिम सामन्याला एवढी गर्दी लोटे की पंचाची शिट्टी कोणाला ऐकू येत नसे. म्हणून सामना अशा बेताने सुरू करायचा की उत्तरार्ध साडेतीनच्या भोंग्याला संपावा. भोंगा झाला, खेळ थांबला. हरणाऱ्या संघानेही त्यावर कधी हरकत घेतली नाही. भोंग्याशी कोण भांडणार?

शेजारच्या एका देशाचा संघ आपल्याकडे दौऱ्यावर आला तेव्हा त्यांचा एक सामना आमच्या मैदानावर ठरला. आपल्या बाजूने देशभरातून निवडलेले खेळाडू, छातीवर देशाचे नाव. मला वेळाधिकारी नेमले. पाहुण्यांचे व्यवस्थापक एक उंच, सडसडीत गृहस्थ, पेशाने शाळामास्तर. आदल्या दिवशी मी लिहिलेल्या अटी वाचताना ते भोंग्यापाशी थांबले.

"हे यंत्र कोणाच्या ताब्यात आहे?" त्यांनी हिंदीत विचारले.

"कारखान्याच्या," मी म्हणालो.

"म्हणजे यजमानांच्या."

मला राग आला, पण मी तो आवरला. "मास्तरजी, हा भोंगा यजमान आणि पाहुणे ओळखत नाही. माझा जनरल मॅनेजर दारात उशिरा आला तरी तो थांबत नाही. मी तुम्हाला शब्द देतो."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि सही केली. त्यांच्या संघासाठी त्या कागदावर माझ्या शब्दापलीकडे दुसरी कोणतीही हमी नव्हती. हे वाचकांनी लक्षात घ्यावे, कारण त्या शनिवारी जी गेली ती ही हमी.

सामना मी इतक्या वर्षांनीही चढाईगणिक सांगू शकेन, पण शेवटापुरतेच सांगतो. मध्यंतराला आपण बरेच पुढे होतो. मग पाहुण्यांच्या एका ठेंगण्या गड्याने आपला बचाव अक्षरशः उसवला. प्रत्येक चढाईत एकेक गडी बाद. शेवटी आपली आघाडी एका गुणाची उरली आणि मैदानावर आपले दोनच गडी. तेही बाद झाले असते तर लोण चढला असता, म्हणजे जादा गुणांसह सामना त्यांचा. माझ्या घड्याळात चार मिनिटे शिल्लक होती. चार मिनिटांत दोन गडी वाचतील असे मैदानावर एकालाही वाटत नव्हते. माझ्या मागे कोणीतरी म्हणाले, "गेली राव, गेली मॅच."

आणि भोंगा वाजला.

प्रथम मला वाटले, आग लागली. मग वाटले, माझे घड्याळ बंद पडले. मी ते कानाला लावले. टिकटिक चालू होती. मान वर केली तर चहूकडे माणसे मनगटाशी चाळा करत होती. काय करताहेत ते क्षणभर उमगले नाही. ते आपापली घड्याळे पुढे करत होते. हजारो माणसे, एकाही चेहऱ्यावर शंका नाही, चावी फिरवून काटे भोंग्याला जुळवत होती. माझी स्वतःची बोटे चावीवर गेली होती. ती मी कशी मागे घेतली ते मला माहीत नाही.

मी सरपंचांकडे धावलो. "थांबवू नका! चार मिनिटे बाकी आहेत!"

"अहो, भोंगा झाला ना?"

"चुकीचा झाला. हे पाहा घड्याळ."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलेच नाही. "अट कोणाची होती? तुमचीच ना, वकीलसाहेब? मग?" एवढे बोलून त्यांनी लांब शिट्टी दिली. बँड सुरू झाला. आपल्या खेळाडूंना लोकांनी खांद्यावर घेतले. तो ठेंगणा गडी मध्यरेषेवर कमरेवर हात ठेवून उभा होता आणि गुणफलकाकडे पुन्हा पुन्हा पाहत होता.

त्या गर्दीतून मास्तरजी माझ्याकडे आले. त्यांनी हात पुढे केला. "चांगला सामना झाला. आमची चढाई थोडी लवकर रंगात यायला हवी होती." आणि माझ्यादेखत त्यांनी आपले घड्याळ भोंग्याप्रमाणे चार मिनिटे पुढे केले. "माझे मागे पडत असावे," ते म्हणाले. मी काही बोलण्यापूर्वी हारतुरे घेऊन आलेले लोक त्यांना ओढून व्यासपीठाकडे घेऊन गेले.

घरी पोचलो तेव्हा चाळीतल्या नळाभोवती बायकांचा कलकलाट चालला होता. नळाला पाणी साडेतीनला येत असे. भोंगा ऐकून सगळ्या जणी बादल्या घेऊन उतरल्या होत्या आणि नळ कोरडा.

"नगरपालिकेला काय धाड भरली म्हणते मी," एक जण म्हणत होती. "भोंगा होऊन केव्हाचा गेला, तेव्हा कुठं पाणी आलं!"

पत्नीने विचारले, "जिंकलो ना? लाउडस्पीकरवर सांगत होते."

"नाही," मी म्हणालो.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि चहाचे आधण ठेवले.

संध्याकाळी मी चिंचवडच्या अतिथिगृहात गेलो. मास्तरजी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. आत त्यांच्या संघातली मुले सामान बांधत होती. मी उभ्या उभ्या सांगितले. बॉयलर हाउसचे घड्याळ त्याच सकाळी मी जुळवले होते, ते बरोबर होते. भोंगा लवकर वाजवला गेला. कोणी ते मला ठाऊक नाही. पण सामना तुमचा होता.

ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती, किंबहुना तशी इच्छाच होती.  ते मात्र आत बोट दाखवून म्हणाले, "त्या ठेंगण्याने दुपारपासून अन्न घेतलेले नाही. आपल्यामुळे हरलो, असे त्याला वाटते. तुमचे म्हणणे मी त्याला सांगीन. पण तो विचारील, मास्तर, हे सांगणारा कोण? काय उत्तर देऊ? एक भला कारकून? तुमच्याकडच्या ज्याने हे केले त्याने सांगितले तर मुलगा विश्वास ठेवील."

सोमवारी टाइम ऑफिसात पाऊल टाकताच माझ्या शेजारचा कारकून हसत म्हणाला, "काय वकीलसाहेब, शनिवारी आम्ही पुण्य केलं. सेकंड शिफ्टला सगळे उशिरा, आणि एकालाही लेटमार्क नाही. कामगार अधिकाऱ्यांचा फोन होता. भोंग्याच्या आधीच."

"भोंग्याच्या आधी?"

"हो. आज कोणाला लेट धरू नका म्हणाले."

मी खुर्चीवर बसलो. आमच्या कारखान्यात बापाच्या अंत्यविधीहून आलेल्या माणसालाही लेटमार्क माफ झालेला मी पाहिला नव्हता. भोंगा लवकर होणार हे ज्याला आधीच माहीत आहे तोच माणूस उशिराची माफी आधी जाहीर करील. याहून स्पष्ट कबुलीजबाब मी कायद्याच्या पुस्तकातही वाचलेला नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी बॉयलर हाउसमध्ये गेलो. साखळी ओढणारा मोशीचा, माझ्यापेक्षा वयाने मोठा. त्याने काहीच लपवले नाही.

"व्हय, आमीच वढला. सायबाचा फोन आला, आत्ता वढ. म्या म्हनलं, सायेब, घड्याळात न्हाई झालं. तर म्हनले, देशाचं काम हाय, वढ." मग त्याने हळूच विचारले, "का वो, जितलो न्हवं आपुन?"

 त्याच्याकडे देशाच्या नावाने मागितले आणि त्याने दिले, जसे आमच्या शेजारच्या बाईंनी कानातली फुले दिली होती.

त्यानंतर लगेच मला कामगार अधिकाऱ्यांनी बोलावले. मी अतिथिगृहात गेल्याचे त्यांना कळले होते. त्यांनी आवाज चढवला नाही. उलट चहा मागवला.

"बसा. तुम्ही हे लिहिणार म्हणे."

"लिहिणार. आपणच खुलासा केलात तर लिहिणार नाही."

त्यांनी खणातून वर्तमानपत्रांची कात्रणे काढून माझ्यापुढे पसरली. माझीच पत्रे होती. परदेशी पंचांविरुद्ध लिहिलेली, जपून ठेवलेली, काहींवर लाल रेघा.

"मी तुमचा वाचक आहे," ते म्हणाले, आणि ते खरेच बोलत होते. "इतकी वर्षे तुम्ही ओरडताय, बाहेर आपल्यावर अन्याय होतो. चार मिनिटांनी त्यातला एक तरी फिटला. आभार मानायचे सोडून उलटतपासणी कसली घेता?"

मी कात्रणांकडे पाहत राहिलो. मी न्याय मागितला होता. त्यांनी वाचला होता सूड. आणि इतकी वर्षे ही पत्रे वाचून माना डोलावणाऱ्यांपैकी किती जणांनी तेच वाचले असेल? चहा तसाच ठेवून मी उठलो.

मी समितीला लिहिले. महिन्याभराने अध्यक्षांच्या सहीने उत्तर आले: भोंगा नियोजित वेळीच झाला, सबंध शहराने आपली घड्याळे त्याला जुळवली, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? ते वाचून मी साक्षीदार शोधत चाळीत, कॅन्टीनमध्ये, बसस्टॉपवर फिरलो. भोंगा लवकर झाला हे प्रत्येकाला ठाऊक होते. नळावरच्या बायकांना, उशिरा येऊनही उशिरा न ठरलेल्या सेकंड शिफ्टला, सगळ्यांना. सही कोणी करेना. "भावा, जाऊ दे ना आता," "वकीलसाहेब, तुम्ही नक्की कोणत्या देशाचे?", हे मी हसण्यावारी नेले, पण माझ्याच कचेरीतल्या सहकाऱ्याने "आपलीच माणसं आहेत" म्हटले, तेव्हा मला कळेना की आपली कोण आणि परकी कोण.

मी त्यानंतर हॉकीचे समालोचन उभे राहून ऐकलेले नाही. परदेशी पंचाची तक्रार कोणी करू लागला की उठून जातो. देशावर माझा राग नाही. त्याच्या नावाने काय काय करून घेता येते, याचा बसलेला धक्का अजून ओसरत नाही.

ते कामगार अधिकारी निवृत्त झाले आहेत. कबड्डीच्या सेवेबद्दल त्यांचा नुकताच जाहीर सत्कार झाला, आणि त्या सामन्याचा उल्लेख भाषणात 'ऐतिहासिक विजय' असा करण्यात आला. ते टाळ्या घेत बसून राहिले, असे तिथे हजर असलेल्या माणसाने मला सांगितले.

माझी मागणी अशी. निकाल बदलू नका, पदके परत मागू नका. ज्या व्यासपीठावरून आपण सत्कार स्वीकारलात, त्याच व्यासपीठावरून, आपल्या नावानिशी आणि आपल्या तोंडाने एवढेच सांगा की त्या शनिवारी फोन आपण केला होता. मग ते छापून पाहुण्यांच्या देशात पाठवा, म्हणजे आता मोठ्या झालेल्या त्या ठेंगण्या गड्याला कळेल की तो हरला नव्हता. मी खोटे लिहीत असेन, तर माझ्यावर बदनामीचा दावा लावा. उत्तर मात्र चारचौघांत द्या. मी वाट पाहतो आहे.