दोन्ही हातांनी घ्या

माझा डावा हात कोपराखाली नाही. चारा कापायच्या कडबाकुट्टीत गेला, त्याला बरीच वर्षं झाली. त्यामुळे अंबाजोगाईत अपंगांना डोळ्यांवर चष्मा चढवून गोदामातलं काम शिकवणार असं कळलं, तेव्हा मीही गेलो. त्या चष्म्यात म्हणे हुबेहूब गोदाम दिसतं आणि त्यातली खोकी उचलून फळीवर लावायची असतात.

पुण्याहून आलेल्या साहेबांनी माझ्या उजव्या हातात एक रिमोट दिला आणि दुसरा पुढे धरून तसेच थांबले. खोकं उचलायला दोन लागतात. अपंगांसाठी मागवलेल्या यंत्राला दोन धडधाकट हात लागणार, हे मागवताना एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. शेवटी उद्घाटनात कापलेल्या लाल फितीनं त्यांनी दुसरा रिमोट माझ्या कोपराला बांधला. चष्म्यात मला दोन हात दिसले. गोरे, गुळगुळीत, कधी ऊन न लागलेले.

"कसं वाटतंय?" साहेबांनी कौतुकानं विचारलं.

"हात लई झकास हायत," मी म्हणालो. "पण खरं गोदाम कुठं हाय?"

"बोलणी चालू आहेत," ते म्हणाले.

समारोपाला पुढारी उशिरा आले. आधी त्यांनी फेट्यावरूनच चष्मा चढवून फोटो काढून घेतला. मग मला शाल आणि नारळ देऊ लागले. मी उजवा हात पुढे केला, तर चारचौघांत म्हणाले, "एका हातानं घेत असत्यात का? दोन्ही हातांनी घ्या."

"दुसरा तुमच्या चष्म्यात राहिला साहेब," मी म्हणालो. "तेवढा काढून द्या, मग घेतो."